पराभूत वीरांची चित्रशाळा

जपानातील एक रंगीत चित्र आपण सर्वांनी क्षणभर डोळ्यांपुढे आणावे, अशी आमची आरंभीच विनंती आहे. समुद्राचा किनारा आहे. लाटांत शिरलेल्या घोड्यावर एक कोवळा, गोरापान तरुण बसला असून तो मान वळवून मागे पाहत आहे. किनाऱ्यावर दुसरा एक दांडगा योद्धा हातातला पंखा उंच धरून त्याला हाक मारीत आहे. आम्ही हे चित्र प्रथम पाहिले तेव्हा आमची समजूत अशी झाली की, हा कोणी वडीलधारा आपल्या माणसाला निरोप देत असावा. रंग मनोहर आहेत, लाटा सुरेख काढल्या आहेत, एवढे म्हणून आम्ही पुढच्या चित्राकडे वळलो. पुढे केव्हातरी त्यामागची कथा कळली आणि आपण चित्र पाहिलेच नव्हते, नुसता कागद पाहिला होता, असे वाटून मनातल्या मनात ओशाळलो. ती कथा आम्ही यथावकाश सांगूच. तूर्त एवढेच म्हणतो की, जपानी योद्ध्यांची चित्रे ही पाहण्याची तशीच वाचण्याचीही वस्तू आहे. आणि ती चुकीची वाचली तर काय अनर्थ होतो, याची साक्ष विसाव्या शतकाच्या इतिहासाने दिलेली आहे.

ही चित्रे काढली कोणी आणि घेतली कोणी, हे आधी पाहू. यांना जपानीत ‘मुशा-ए’ म्हणजे योद्ध्यांची चित्रे म्हणतात. त्यांचा बहर एकोणिसाव्या शतकातला, आणि त्यांचे माहेर म्हणजे एदो शहर, आजचे टोकियो. चित्रकार कागदावर शाईने रेखाटन करी. तो कागद पालथा करून रानचेरीच्या लाकडी फळीवर चिकटवीत आणि कोरणारा कारागीर त्यातून रेषा तेवढ्या उंच ठेवून बाकीचे लाकूड काढून टाकी. मूळ रेखाटन त्यातच नष्ट होई. मग प्रत्येक रंगासाठी वेगळी फळी कोरायची. कागद प्रत्येक वेळी नेमका त्याच जागी बसावा म्हणून फळीच्या कडेला दोन खुणा ठेवायच्या. आणि छापणाऱ्याने बांबूच्या सालीत गुंडाळलेल्या गोल गादीने कागदाची पाठ घासून रंग उठवायचा. या साऱ्यांवर पैसा लावणारा प्रकाशक निराळाच. अनेक रंगांत छापण्याची ही कला १७६५ च्या सुमारास पूर्णत्वास पोहोचली. नेहमीचे चित्र सुमारे पंधरा इंच लांब व दहा इंच रुंद असे. मोठा प्रसंग असला की असे तीन कागद शेजारी शेजारी मांडीत. किंमत म्हणाल तर वाडगाभर शेवयांना पडेल त्याच्या आसपास. म्हणजे ही राजवाड्यातली कला नव्हे. ती सुतारांची, दुकानदारांची, आग विझवणाऱ्या गड्यांची, तुमच्याआमच्यासारख्या नगरवासीयांची कला होती.

यात एक विसंगती आहे आणि ती नीट लक्षात घेण्यासारखी आहे. १६१५ साली ओसाकाचा किल्ला पडला. त्यानंतर १६३७-३८ मधील शिमाबाराचा उठाव सोडला, तर सव्वादोनशे वर्षांत जपानने मोठे युद्ध पाहिले नाही. कमरेला दोन तलवारी लावण्याचा अधिकार सामुराईंचा. पण त्यांपैकी पुष्कळांची तलवार म्यानातच गंजत होती आणि ते हिशेबाच्या वह्या लिहीत होते. अशा काळात ज्यांनी युद्ध कधी पाहिले नाही व ज्यांना दोन तलवारी बाळगता येत नव्हत्या, त्या लोकांनी योद्ध्यांची चित्रे हजारोंनी विकत घेतली. या प्रकारातला सर्वांत नामांकित चित्रकार उतागावा कुनियोशी. त्याचा बाप रेशीम रंगवण्याचा धंदा करणारा. १८२७ च्या सुमारास ‘सुइकोदेन’ या चिनी कादंबरीतल्या एकशे आठ बंडखोर वीरांची त्याची मालिका निघू लागली आणि एदोत त्याचे नाव ‘योद्ध्यांचा कुनियोशी’ असेच पडले. त्यातल्या शिशिन नावाच्या वीराच्या अंगावर गोंदलेले नऊ नाग-मकर पाहून शहरातल्या गड्यांनी आपल्या पाठी गोंदवून घेण्याचा सपाटा लावला. चोजुन हा दुसरा वीर तर दातांत तलवार धरून पाण्यातल्या दरवाजाचे गज फाकवीत आहे. हे सारे सरकारविरुद्ध गेलेले लोक, हेही विसरू नये.

आता खुणांकडे वळू. चित्रात सर्वांत आधी पाहायचे ते कुलचिन्ह. जपानातील प्रत्येक घराण्याचे एक चिन्ह असते व ते झेंड्यावर, चिलखतावर, अंगरख्यावर काढलेले असते. पंख मिटलेले फुलपाखरू दिसले की तायरा घराणे समजावे; पानांवर तीन फुले दिसली की मिनामोतो. पाण्यावर अर्धे तरंगणारे शेवंतीचे फूल ही कुसुनोकी घराण्याची खूण. तिच्याकडे आपल्याला शेवटी पुन्हा यायचे आहे. पांढऱ्या वस्त्राने मस्तक झाकलेला घोडेस्वार तलवार उगारून येत आहे आणि बसलेला सेनापती ती हातातल्या पंख्यावर झेलीत आहे, असे चित्र दिसले तर तो कावानाकाजिमाच्या १५६१ च्या लढाईतला उएसुगी केनशिन आणि ताकेदा शिनगेन यांचा सामना. केनशिनच्या निशाणावर एकच अक्षर असते, ते बिशामोन्तेन या देवतेचे. हा बिशामोन्तेन म्हणजे कोण? आपला वैश्रवण, म्हणजे कुबेर! आपल्याकडे तो खजिन्यावर बसून राहिला. बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानला पोहोचेपर्यंत त्याने चिलखत चढवले आणि तो योद्ध्यांचा कैवारी झाला.

चिलखतावर वा शिरस्त्राणावर चतुर हा किडा दिसला तर तो नुसती शोभा नव्हे. चतुर मागे उडत नाही, पुढेच जातो, अशी समजूत. म्हणून त्याला ‘विजयाचा किडा’ म्हणत. प्रवाहाविरुद्ध धबधबा चढून जाणारा मासा पुढे नागाचे रूप घेतो, ही कथा चीनमधून आलेली. म्हणून बेंकेइ हा मल्ल बालवयात प्रचंड माशाशी झुंजताना दाखवतात, तेव्हा त्या मुलाच्या पुढच्या पराक्रमाची ती नांदी असते. बाणांच्या भात्यात प्लमच्या फुलांची डहाळी खोचलेला वीर दिसला, तर तो ११८४ च्या इकुताच्या रणातला काजिवारा कागेसुए. मरणाच्या तोंडीही ज्याला फुलांचा सुगंध हवासा वाटला, असा तो वीर. चेरीची गळती फुले तर सर्वत्र असतात. ती कोमेजण्याची वाट न पाहता बहरातच झडतात, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

चेहऱ्यांविषयी मात्र थोडे थांबले पाहिजे, कारण परक्या प्रेक्षकाची फसगत तेथेच होते. तिरळे झालेले डोळे, खाली ओढलेले ओठ, ताणलेल्या बोटांचे पंजे हे पाहून आपल्याला हसू येते किंवा भीती वाटते. ही मुद्रा रंगभूमीवरून आलेली आहे. काबुकी नाटकात प्रसंग शिगेला पोहोचला की नट एकाएकी स्तब्ध होतो, लाकडी ठोकळ्यांचा कडकडाट होतो, नट मान फिरवून डोळे तिरळे करतो आणि प्रेक्षागृह त्याचे नाव घेऊन ओरडते. या स्तब्धतेला ‘मिए’ म्हणतात. म्हणजे भावना जेथे मावेनाशी होते, तेथे ती हालचाल सोडून मूर्ती होते. रंगही तेथलेच. चेहऱ्यावर तांबडे पट्टे असले तर शौर्य व सत्त्व. निळे असले तर दुष्टावा किंवा भूतयोनी. हा संकेत ज्याला ठाऊक आहे, त्याला त्या तिरळ्या डोळ्यांत क्रौर्य दिसत नाही. असह्य झालेल्या मनाचा तोल दिसतो.

येथवर शब्दकोश झाला. पण नुसत्या शब्दकोशाने कविता कळत नाही. या चित्रांतले वीर कोण आहेत, याची यादी केली तर एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. त्यांतले फार थोडे जिंकलेले आहेत. तायरा घराणे ११८५ साली दान-नो-उराच्या सागरी युद्धात बुडाले. त्यांचा तोमोमोरी अंगाला नांगराचा दोर बांधून समुद्रात उडी घेताना दाखवतात, आणि तळाशी त्याच्याभोवती माणसाच्या चेहऱ्यासारख्या पाठीचे खेकडे जमतात. ते खेकडे म्हणजे बुडालेल्या तायरांचे आत्मे, अशी लोकांची श्रद्धा. ज्याने त्यांना बुडवले, त्या योशित्सुनेवर त्याचाच सावत्र भाऊ उलटला आणि ११८९ मध्ये त्याला आत्मघात करावा लागला. राज्य मिळवले ते त्या भावाने, योरितोमोने. पण लोकांच्या हृदयात जागा मिळाली ती योशित्सुनेला. पराभूताविषयीच्या या ओढीला जपानी भाषेत योशित्सुनेच्या हुद्द्यावरून आलेला खास शब्दच आहे, ‘होगान-बिइकी’. भूमीने गिळलेले रथाचे चाक उपसणारा कर्ण ज्यांच्या डोळ्यांसमोर आहे, त्यांना हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही.

तायरांच्या या उदयास्ताचे महाकाव्य ‘हेइके मोनोगातारी’ सुरू होते ते एका विहाराच्या घंटानादाने. तो विहार जपानातला नव्हे. तो श्रावस्तीचा जेतवन विहार आहे. सारे अनित्य आहे, हा बुद्धाचा बोध जपानी योद्ध्याच्या कथेच्या उंबऱ्यावरच घुमतो. तो ज्याच्या कानी पडला नाही, त्याला पुढची चित्रे म्हणजे निव्वळ मारामारी वाटली तर नवल नाही.

आता ती आरंभीची कथा. ११८४ साली इचि-नो-तानीच्या लढाईत तायरांचा मोड झाला व ते जहाजांकडे पळाले. मिनामोतोंच्या बाजूचा कुमागाइ नाओझाने किनाऱ्यावर शिकार शोधीत होता. पाण्यात शिरलेला एक श्रीमंत स्वार पाहून त्याने पंखा उभारला आणि पाठ काय दाखवतोस, परत फीर, असे आव्हान दिले. तो स्वार परत फिरला. कुमागाइने त्याला खाली पाडून शिरस्त्राण मागे सारले तेव्हा समोर सोळा-सतरा वर्षांचे पोर! नेमका आपल्या मुलाच्या वयाचे. कुमागाइने त्याला सोडायचे ठरवले. पण मागून आपलेच स्वार येताना दिसले. हा सोडला तरी दुसऱ्या कोणाच्या हातून मरणारच. रडत रडत कुमागाइने त्याचा शिरच्छेद केला. मग त्याच्या कमरेला भरजरी पिशवीत एक बासरी सापडली. पहाटे शत्रूच्या छावणीतून ऐकू आलेले सूर त्या मुलाचे, आत्सुमोरीचे होते. कुमागाइने पुढे शस्त्र टाकले आणि तो अमिताभाचे नाव घेणारा भिक्षू झाला.

चित्रकारांनी या कथेतला कोणता क्षण निवडला, ते पाहा. कापलेले मस्तक नाही, अश्रू नाहीत. पंखा उभारला आहे आणि मान वळली आहे, एवढेच. अजून सारे टळू शकते, असा तो क्षण आहे; आणि पाहणाऱ्याला मात्र ठाऊक आहे की, काहीही टळणार नाही. चित्रातल्या दोघांना जे ठाऊक नाही ते आपल्याला ठाऊक असावे, यातच त्या चित्राची सारी व्यथा आहे. आम्ही पंख्याला निरोपाचा पंखा समजलो होतो!

कुनियोशीच्या हाती ही व्यथा रेषेतून कशी उतरते, त्याचे एक उदाहरण देतो. १३४८ साली शिजोनावाते येथे कुसुनोकी मासात्सुरा आपल्या मोजक्या लोकांसह लढून पडला. १८५० च्या सुमारास कुनियोशीने त्यावर तीन कागदांचे चित्र केले. त्यात शत्रू दिसतच नाही. दिसतात ते फक्त बाण. वळवाच्या पावसासारखे आडवे येणारे, मोजता न येणारे बाण. आणि त्यांना सामोरे जाणारे काही थोडे वीर, वादळात चालणाऱ्या माणसांसारखे पुढे झुकलेले. माणसाविरुद्ध माणूस उभा असता तर आपण जयापजयाचा विचार केला असता; येथे माणूस नियतीविरुद्ध उभा आहे. सत्तेचाळीस रोनिनांच्या त्याच्या १८४७-४८ च्या मालिकेतही हीच युक्ती आहे. रात्री शत्रूच्या वाड्यात शिरलेला एकेक वीर एकेका कागदावर एकटा. अंगावर कोणी शेगडी फेकली आहे, राख उडाली आहे, पण फेकणारा चौकटीबाहेर आहे. अपेक्षा, दचकणे, सावरणे हे सारे आपण एकाच देहात वाचायचे.

त्या मालिकेतील नावे मात्र मुद्दाम बदललेली आहेत. खरा नायक ओइशी, चित्रावर ओबोशी. याचे कारण सरकारी बंदी. १५७३ नंतरच्या योद्ध्यांची नावे वा कुलचिन्हे छापू नयेत, असा दंडक होता, कारण तेथून सत्ताधारी घराण्याचा स्वतःचा इतिहास सुरू होई. १८०४ साली उतामारोसारख्या थोर चित्रकाराने हिदेयोशीचे चित्र काढले म्हणून त्याला पन्नास दिवस हातांत बेड्या घालून बसावे लागले. पुढे १८४२ मध्ये सुधारणांच्या नावाखाली नट व गणिका यांच्या चित्रांवरही बंदी आली. राहिले काय? जुने वीर! तेव्हा जे बोलायचे ते जुन्या वीरांच्या तोंडून बोलणे भाग पडले. १८४३ मध्ये कुनियोशीने योरिमित्सु या प्राचीन वीराचे चित्र काढले. योरिमित्सु आजारी पडून झोपला आहे, मागे प्रचंड कोळी जाळे पसरीत आहे, पुढे त्याचे चार सरदार पट खेळत बसले आहेत आणि अंधारातून भुतांची फौज चालून येत आहे. एका सरदाराच्या वस्त्रावरचे चिन्ह लोकांनी ओळखले. ते मुख्य प्रधान मिझुनो तादाकुनीचे होते. मग झोपलेला योरिमित्सु म्हणजे शोगुन इएयोशी हे ओघानेच आले. आणि भुतांमध्ये लोकांनी सुधारणांपायी बुडालेला एकेक धंदा ओळखला. शहरभर इतकी कुजबुज झाली की, प्रकाशकाने घाबरून चित्रे परत घेतली व ठसे नष्ट केले. त्याच वर्षी मिझुनो पदावरून गेला. चित्रातल्या खुणा वाचता येणे ही त्या लोकांची करमणूक होती, तशीच ती त्यांची एकमेव वृत्तपत्रसृष्टीही होती.

कुनियोशीचा शिष्य योशितोशी याच्या काळात कल्पनेतले रक्त खरे झाले. १८६८ च्या उन्हाळ्यात उएनोच्या टेकडीवर शोगुनच्या निष्ठावंतांचा नव्या सरकारच्या तोफांनी धुव्वा उडवला. योशितोशी तेथे जाऊन प्रेतांची रेखाटने करून आला. नंतरच्या त्याच्या मालिकेत नावे जुन्या वीरांची. पण ते भेदरलेले, फिकट, रक्ताने माखलेले चेहरे जुन्या नाटकांतले नव्हते. त्याच्या आधीच्या एका मालिकेत रक्त ओले दिसावे म्हणून तांबड्या रंगात सरस मिसळलेला आहे. पाहणाऱ्याला शिसारी येते, आणि यावीच. चित्रकार स्वतःही त्यातून सुखरूप सुटला नाही. पुढे दारिद्र्याने व मनाच्या आजाराने तो काही काळ पार खचला. १८७३ मध्ये सावरला तेव्हा त्याने ‘महान पुनरुत्थान’ अशा अर्थाचे नवे नाव घेतले.

आणि मग १८८३ साली त्याने एक चित्र केले. माळरान आहे, वाऱ्याने गवत लवले आहे, ढगांआडून पूर्णचंद्र दिसत आहे. फुजिवारा नो यासुमासा बासरी वाजवीत चालला आहे. मागे गवतात एक दरोडेखोर तलवारीला हात घालून दबून बसला आहे. त्याला या माणसाची वस्त्रे हवी आहेत. पण त्याची तलवार बाहेर येत नाही, येणार नाही. त्या सुरांनी त्याचा हात बांधला आहे. कथा पुढे सांगते की, यासुमासाने त्याला घरी नेऊन वस्त्र दिले. यासुमासा मागे वळूनही पाहत नाही. योद्ध्याचे याहून मोठे चित्र आम्ही पाहिलेले नाही, आणि त्यात एकही वार नाही. आत्सुमोरीची बासरी त्याला वाचवू शकली नव्हती. रक्त काढून थकलेल्या योशितोशीच्या हातून शेवटी वाचवणारी बासरी निघाली, हा निव्वळ योगायोग असेलही. पण आम्हांला तो तसा वाटत नाही.

आता ज्या अनर्थाचा आम्ही आरंभी उल्लेख केला, त्याकडे येतो. १८९४-९५ मध्ये जपान-चीन युद्ध झाले आणि योशितोशीच्या शिष्यांच्या पिढीने तीच तीन कागदांची रीत वापरून विजयाची चित्रे काढली. त्यांत जपानी सैनिक ताठ व तेजस्वी, शत्रू हास्यास्पद. पराभूताविषयीची जुनी माया चित्रातून गेली आणि डौल तेवढा राहिला. पुढे राज्यकर्त्यांनी कुसुनोकी घराण्याचे वीर सम्राटासाठी मरण्याचा आदर्श म्हणून उभे केले. १९४५ च्या एप्रिल ते जून या काळात ओकिनावाजवळ अमेरिकन आरमारावर आत्मघाती विमानांच्या ज्या दहा मोहिमा झाल्या, त्यांना नाव दिले होते ‘किकुसुइ’. पाण्यावरची शेवंती! आणि ज्या उडत्या बॉम्बमध्ये माणसाला बसवून सोडीत, त्याचे नाव ‘ओका’, म्हणजे चेरीचे फूल. चिन्हे तीच होती, एक पाकळीही बदललेली नव्हती. पण ज्या चित्रांनी दोनशे वर्षे मरणाऱ्या तरुणाविषयी हळहळ वाटायला शिकवले, त्यांतलीच फुले तरुणांना मरायला पाठवण्याच्या कामी आली.

यातून चित्रांना दोष द्यावा, असे आम्हांला वाटत नाही. पण चिन्ह हे रिकाम्या भांड्यासारखे असते व त्यात भावना ओतणारा माणूस जागा असावा लागतो, एवढे मात्र त्यातून शिकावे. तेव्हा असे एखादे चित्र आपल्या हाती आले, तर आधी कुलचिन्ह पाहावे, मग वस्तू, मग चेहरा. आणि शेवटी हा माणूस जिंकणार आहे की हरणार आहे, हे स्वतःला विचारावे. तलवारीच्या पात्याकडे आपली नजर आपोआपच जाते. तिला थोडे वळवून कमरेच्या भरजरी पिशवीकडे न्यावे. तेथे बहुधा एक बासरी असते.